परदेशी निघताना गोवरचा हिशेब: तिकिटाच्या तारखेआधी सहा आठवडे, परतल्यानंतर एकवीस दिवस

“मला लहानपणी गोवर येऊन गेलाय, मला काही होणार नाही.” परदेशी निघालेली मोठी माणसं हे वाक्य इतक्या खात्रीनं बोलतात की पुढं काही विचारायला जागाच राहत नाही. तरी विचारावं. कुणी सांगितलं? आईनं. आईला कसं कळलं? ताप होता, अंगावर पुरळ उठलं होतं. आता ताप आणि पुरळ कांजिण्यांतही असतं, रुबेलातही असतं, एखादं औषध मानवलं नाही तरी उठतं. घरच्या आठवणीत या सगळ्याला ‘गोवर’ हे एकच नाव पडून जातं. म्हणजे माणूस ज्या भरवशावर विमानात बसतो, तो भरवसा कित्येक वर्षांपूर्वीच्या एका अंदाजावर उभा असतो.

त्या अंदाजाच्या जागी कागद आणि तारखा कशा आणायच्या, हे पुढं क्रमानं सांगतो. काम अवघड मुळीच नाही. मात्र ते वेळेत सुरू करावं लागतं, आणि आदल्या आठवड्यात धावपळ करून त्यातलं बरंचसं जमत नाही.

प्रवाशालाच धोका जास्त का

गोवरचा विषाणू श्वासावाटे पसरतो. आजारी माणूस खोलीतून निघून गेल्यावरही तो दोन तासांपर्यंत हवेत टिकू शकतो. प्रतिकारशक्ती नसलेली दहा माणसं रुग्णाच्या निकट सहवासात आली, तर त्यातल्या नऊ जणांपर्यंत लागण होऊ शकते. विमानतळावरच्या प्रतीक्षागृहाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. कुणीतरी एका खुर्चीवर बसून खोकलं आणि आपल्या विमानाकडे निघून गेलं. तासाभरानं तुम्ही लेकराला मांडीवर घेऊन त्याच खुर्चीवर टेकता. त्या माणसाचं तोंडही तुम्ही पाहिलेलं नसतं. हात धुणं, सॅनिटायझर लावणं ही चांगली सवय आहे, पण हवेतून येणाऱ्या या विषाणूला ती अडवत नाही. त्या बाटलीवर विसंबून लस टाळणाऱ्यांची मला फार काळजी वाटते.

दुसरा गैरसमज देशांबद्दलचा. श्रीमंत देशात जायचं तर गोवरची कसली भीती, असं अनेकांना वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागात २०२४ मध्ये १,२७,३५० रुग्ण नोंदले गेले, १९९७ नंतरचा तो सर्वांत मोठा आकडा. अमेरिकेनं २००० साली गोवरचं निर्मूलन झाल्याचं जाहीर केलं होतं. तिथं २०१९ मध्ये १,२७४ रुग्ण आढळले आणि २०२५ मध्ये संख्या दोन हजारांच्या पुढं गेली. कॅनडानं १९९८ पासून टिकवलेला गोवरमुक्त दर्जा नोव्हेंबर २०२५ मध्ये गमावला. म्हणून हल्ली प्रवासी-आरोग्याचा सल्ला असाच असतो की देश कोणताही असो, परदेशी जाणाऱ्याचे गोवरचे डोस पूर्ण असावेत. ठिकाण बघून ठरवायची ही लस राहिलेली नाही.

तिसरी गोष्ट प्रवाशाला सहसा कुणी सांगत नाही. गोवर नेणाराही प्रवासीच असतो. १८७५ साली फिजीचा राजा ठाकोम्बाऊ सिडनीची भेट आटोपून जहाजानं परतला तेव्हा बरोबर गोवर आला, आणि काही महिन्यांत बेटांवरची सुमारे ४०,००० माणसं दगावली. ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही, कारण २०१९ मध्ये सामोआत तसंच घडलं. दोन लाखांच्या आसपास वस्तीच्या त्या देशात बाळांच्या लसीकरणाचं प्रमाण घसरलेलं होतं. बाहेरून गोवर आला, ५,७०० हून जास्त माणसं आजारी पडली आणि ८३ जणांचा जीव गेला. त्यात बहुतेक लहान मुलं होती.

पहिलं काम: कागद शोधा

प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येकाचं लसीकरण कार्ड बाहेर काढा. त्यावर गोवरच्या लसीच्या नोंदी वेगवेगळ्या नावांनी असतात. नुसती ‘गोवर’ असेल, ‘एमआर’ असेल म्हणजे गोवर-रुबेला, किंवा ‘एमएमआर’ असेल म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेला. गोवरपुरतं बोलायचं तर तिन्ही चालतात. मात्र शिक्षणासाठी किंवा कायमच्या वास्तव्यासाठी जाणार असाल, तर काही विद्यापीठं आणि व्हिसा कार्यालयं तिन्ही रोगांचा पुरावा मागतात. तो नियम आधीच वाचून ठेवा.

कार्डावर दोन गोष्टी पाहायच्या. एक, वयाचं वर्ष पूर्ण झाल्यानंतर दिलेले दोन डोस आहेत का. दोन, त्यांच्यात किमान २८ दिवसांचं अंतर आहे का. वयाची अट नीट बघा. गोवर जास्त असलेल्या देशांत पहिला डोस नवव्या महिन्यात देतात आणि तिथल्या परिस्थितीत तेच योग्य असतं. पण अमेरिकेसारखे काही देश वर्षाच्या आतला डोस हिशेबात धरत नाहीत. कार्डावर दोन नोंदी असूनही शाळेच्या प्रवेशाला ‘एकच डोस’ असा शेरा पडतो तो यामुळे. मुलाला नवव्या महिन्यात आणि दीड वर्षाला डोस मिळाला असेल, तर निघण्याआधी डॉक्टरांना आणखी एका डोसबद्दल विचारा.

आता एक बारीक, पण हमखास घोटाळा करणारी गोष्ट. कार्डावर तारीख ‘०४/०५’ अशी लिहिलेली असते. ती चार मे की पाच एप्रिल? काही देशांत दिवस आधी लिहितात, काही देशांत महिना आधी. वाचणारा आपल्या सवयीनं वाचतो आणि २८ दिवसांचं अंतर कागदावरच बिघडतं. प्रवासासाठी डॉक्टरांकडून नव्यानं नोंद करून घ्याल तेव्हा महिना अक्षरांत लिहायला सांगा. लसीचं नाव, बॅच क्रमांक, सही आणि शिक्का घ्या. मग त्या पानाचा उजेडात फोटो काढून फोनमध्ये आणि ईमेलवर ठेवा.

कार्ड सापडलंच नाही तर? दोन मार्ग आहेत. रक्तातली गोवरविरोधी प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, तपासता येतात. या तपासणीला आयजीजी चाचणी म्हणतात. किंवा सरळ लस घेता येते. आधी लस किंवा आजार होऊन गेलेला असला तरी आणखी एका डोसनं अपाय होत नाही. माझं मत विचाराल तर हाताशी वेळ कमी असेल तेव्हा तपासणीच्या निकालाची वाट पाहत बसण्यापेक्षा लस घेऊन मोकळं व्हावं. ज्यांच्या दोन्ही डोसांची लेखी नोंद आहे त्यांनी तर ही तपासणी करण्याची गरजच नसते.

ज्येष्ठांसाठी थोडं वेगळं. लस येण्याआधीच्या काळात जवळपास प्रत्येक मुलाला गोवर व्हायचा, त्यामुळे ठरावीक वर्षाआधी जन्मलेल्यांना सुरक्षित मानतात. ते वर्ष देशागणिक बदलतं: अमेरिकेत १९५७, ऑस्ट्रेलियात १९६६, कॅनडात १९७०. तरीही परदेशी जाताना शंका असेल तर एक डोस घ्यावा असा सल्ला डॉक्टर देऊ शकतात.

दुसरं काम: तिकिटाच्या तारखेपासून मागे मोजा

लसीला अंगी लागायला साधारण दोन आठवडे लागतात. दोन डोसांत किमान २८ दिवस हवेत. म्हणजे एकही डोस न झालेल्या मोठ्या माणसाला सहा आठवडे लागतात. समजा विमान २० जूनला आहे. दुसरा डोस ६ जूनपर्यंत व्हायला हवा, म्हणून पहिला ९ मेपर्यंत. या दोन्ही तारखांची खूण तिकीट काढल्या दिवशीच कॅलेंडरवर करा.

उशीर झाला असेल तर ‘आता काय उपयोग’ म्हणून सोडून देऊ नका. एका डोसनं सुमारे ९३ टक्के संरक्षण मिळतं आणि दोन डोसांनी ९७ टक्के. निघायला चारच दिवस उरले असतील तरी पहिला डोस घ्या आणि दुसरा परतल्यावर घ्या.

लवकर घेण्याचं आणखी एक कारण आहे. लसीनंतर सहाव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमारास काहींना ताप येतो, थोड्यांच्या अंगावर पुसट पुरळही उठतं. लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असल्यामुळे हे होतं, आणि ते आपोआप ओसरतं. या पुरळाचा इतरांना संसर्ग होत नाही. पण नेमका तो दिवस प्रवासाचा निघाला, तर तापलेलं मूल घेऊन सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभं राहावं लागेल, आणि पुरळ पाहून विमान कंपनीचे लोकही बिचकतील. महिनाभर आधी डोस घेतला की हा प्रश्नच येत नाही.

प्रवासासाठी दुसऱ्याही लसी घ्यायच्या असतील तर डॉक्टरांना सगळी यादी एकदमच दाखवा. पीतज्वर, कांजिण्या यांच्या लसीही जिवंत विषाणूच्याच आहेत. अशा लसी एक तर एकाच दिवशी घ्याव्या लागतात, नाही तर चार आठवड्यांचं अंतर ठेवावं लागतं. क्षयरोगाची त्वचेवरची चाचणी व्हिसासाठी करायची असेल, तर ती लसीच्या दिवशीच करा किंवा नंतर चार ते सहा आठवडे थांबा. मधल्या काळात तिचा निकाल फसवा येऊ शकतो. अलीकडे रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) दिलं गेलं असेल तर तेही सांगा, कारण त्यानंतर लसीसाठी काही महिने थांबावं लागतं.

लसीमुळे स्वमग्नता (ऑटिझम) येते, ही भीती अजूनही कानावर येते. ती ज्या १९९८ च्या शोधनिबंधातून पसरली, तो ‘लॅन्सेट’ या नियतकालिकानं २०१० मध्ये मागे घेतला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा अभ्यास झाला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात असा कोणताही संबंध आढळला नाही.

तिसरं काम: तान्ह्या बाळाचं वेगळं बघा

सगळ्यात जास्त चुका इथं होतात. वर्षाच्या आतल्या बाळाची लस ‘अजून यायची आहे’ म्हणून आईवडील निश्चिंत असतात आणि बाळाला आजी-आजोबांच्या भेटीला घेऊन निघतात. आईकडून आलेली प्रतिपिंडं तोवर कमी होत आलेली असतात आणि स्वतःचं संरक्षण अजून तयार झालेलं नसतं.

बाळ सहा ते अकरा महिन्यांचं असेल आणि परदेशी जायचं असेल, तर एक डोस आधीच द्यावा असा सल्ला आहे. निघण्याच्या दोन आठवडे आधी दिला तर उत्तम. हा डोस प्रवासापुरतं कवच म्हणून असतो. या वयात आईची प्रतिपिंडं लसीच्या कामात आड येऊ शकतात, म्हणून तो नेहमीच्या दोन डोसांत मोजत नाहीत. वर्ष पूर्ण झाल्यावर दोन डोस पुन्हा द्यावे लागतात. तेव्हा कार्डावर ‘प्रवासासाठी जादा डोस’ असं स्पष्ट लिहून घ्या. नाही तर पुढं एखादा डॉक्टर मोजताना हा डोस धरतो आणि बाळाचा एक डोस कायमचा राहून जातो.

वर्ष पूर्ण झालेल्या मुलाचा पहिला डोस झाला असेल, तर दुसऱ्यासाठी वेळापत्रकातल्या वयाची वाट पाहू नका. २८ दिवस झाले असतील तर प्रवासाआधी दुसरा देता येतो.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देत नाहीत. त्याचं संरक्षण म्हणजे भोवतालची माणसं. आई, वडील, सांभाळणारे, ज्यांच्या घरी उतरणार ते सगळे, यांचे डोस पूर्ण असले पाहिजेत. आणि जिथं साथ चालू आहे तिथं इतक्या लहान बाळाला नेणं लांबणीवर टाकता येत असेल तर टाकावं. नातेवाइकांना वाईट वाटेल, पण पाच वर्षांच्या आतल्या मुलांनाच गोवर सर्वांत जड जातो. न्यूमोनिया होतो, जुलाबानं शरीरातलं पाणी कमी होतं, कान फुटतात. हजारात सुमारे एकाला मेंदूला सूज येते. बरं झालेल्या मुलाची इतर रोगांविरुद्ध कमावलेली प्रतिकारशक्तीही पुसली जाऊ शकते आणि पुढं बराच काळ ते सारखं आजारी पडतं.

ज्यांना लस घेता येत नाही

गरोदर स्त्रियांना ही लस देत नाहीत, आणि लस घेतल्यावर महिनाभर दिवस जाऊ देऊ नयेत असं सांगतात. स्तनपान चालू असताना मात्र ती घेता येते. केमोथेरपी चालू असलेले, अवयवरोपण झालेले, प्रतिकारशक्ती फार दडपणारी औषधं घेणारे, आणि आधीच्या डोसची किंवा निओमायसिन, जिलेटिन यांची तीव्र ॲलर्जी आलेले, यांनाही ती चालत नाही. अंड्याची ॲलर्जी ही अडचण नाही. या एका गैरसमजापायी कितीतरी मुलांची लस लांबते.

अशा माणसानं जाण्याआधी त्या देशात सध्या साथ आहे का ते पाहावं. अमेरिकेची सीडीसी आणि युरोपची ईसीडीसी या संस्था ही माहिती प्रसिद्ध करतात. जावंच लागलं तर चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरा, गर्दीच्या बंद जागा टाळा, आणि गोवरचा संशय आला तर कोणत्या रुग्णालयाला फोन करायचा ते आधीच ठरवून ठेवा. प्रवास विमा घेताना संसर्गजन्य आजारामुळे तिकीट बदलावं लागलं तर तो खर्च मिळतो का, हेही वाचा. अंगावर ताजं पुरळ असलेल्या माणसाला विमानात घेतलं जाण्याची शक्यता कमीच.

प्रवासात संपर्क आला असं कळलं तर

आरोग्य खात्याचा फोन येतो, किंवा बातमीत तुमच्याच विमानाचा क्रमांक दिसतो. म्हणून बोर्डिंग पास परतल्यावर लगेच फेकू नका, तीन आठवडे ठेवा. विमानात रुग्ण असेल तर त्याची रांग आणि पुढच्या-मागच्या दोन-दोन रांगा, तसंच मांडीवरची बाळं, यांचा शोध आधी घेतात. अर्थात त्याबाहेरच्यांनाही लागण झालेली आहे.

इथं घड्याळ महत्त्वाचं. संपर्कापासून ७२ तासांच्या आत लस मिळाली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होऊ शकतो. ज्यांना लस चालत नाही अशा गरोदर स्त्रिया, तान्ही बाळं आणि प्रतिकारशक्ती फार कमी असलेले रुग्ण यांना सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन देता येतं. ‘घरी परत गेल्यावर बघू’ म्हणण्याइतका अवकाश या दोन्हींत नाही. जिथं असाल तिथल्याच डॉक्टरांना गाठा.

परतल्यावर एकवीस दिवस

१८४६ मध्ये कोपनहेगनहून एक सुतार उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर आला आणि आल्यावर थोड्याच दिवसांत गोवरनं आजारी पडला. काही महिन्यांत बेटांवरच्या सुमारे ७,८०० रहिवाशांपैकी ६,००० हून जास्त लोकांना गोवर झाला. पीटर पानुम हा पंचविशीतला डॅनिश डॉक्टर गावोगाव फिरून कुणाला कधी संपर्क आला आणि पुरळ कधी उठलं, याच्या तारखा मांडत गेला. अंतर जवळजवळ प्रत्येक ठिकाणी निघालं चौदा दिवस. त्यानं हेही टिपलं की १७८१ च्या साथीत गोवर होऊन गेलेल्या म्हाताऱ्यांपैकी कुणालाही तो पुन्हा झाला नाही.

आजही हिशेब त्याच चौदा दिवसांचा आहे. कमीत कमी सात आणि जास्तीत जास्त एकवीस. तुम्ही ५ जुलैला परतलात आणि त्या दिवशी विमानतळावर लागण झाली असं धरा. साधारण १५ ते १७ जुलैला ताप, कोरडा खोकला, वाहणारं नाक सुरू होईल आणि डोळे लाल होऊन पाणावतील. पुरळ १९ जुलैच्या सुमारास उठेल. रुग्ण पुरळाच्या चार दिवस आधीपासून संसर्ग पसरवतो, म्हणजे १५ जुलैपासूनच. सगळ्यांना ही साधी सर्दी वाटत असते, माणूस कामावर जातो, मूल शाळेत जातं, आणि नेमके तेच दिवस पसरण्याचे असतात. म्हणून २६ जुलैपर्यंत घरातल्या कुणालाही ताप आला तर ‘आपण परदेशातून आलोय’ हे आधी आठवा.

पुरळ उठण्याआधी एक खूण दिसू शकते. उजेडात मुलाचं तोंड उघडून गालाच्या आतल्या बाजूला, दाढांच्या समोर पाहा. लालसर अस्तरावर मिठाचे कण सांडल्यासारखे बारीक पांढरे ठिपके दिसले, तर ते गोवरचे असतात. त्यांना कॉपलिकचे ठिपके म्हणतात. ते एक-दोन दिवसांतच जातात, त्यामुळे दिसले नाहीत म्हणून गोवर नाही असं समजू नका. पुढं पुरळ केसांच्या कडेनं, कानामागून आणि कपाळावरून सुरू होतं आणि चेहरा, मान, छाती, पोट असं खाली उतरत पायांपर्यंत जातं. त्या वेळी ताप ४० अंश सेल्सिअसच्याही वर जाऊ शकतो.

संशय आला तर थेट दवाखान्यात जाऊन बसू नका. तिथं तान्ही बाळं असतात, गरोदर बायका असतात, आणि तुम्ही उठून गेल्यावरही हवा दोन तास तशीच राहते. आधी फोन करा आणि तीन गोष्टी सांगा: कोणत्या देशातून कधी आलो, ताप आणि पुरळ कोणत्या दिवशी सुरू झालं, गोवरचे किती डोस झालेत. ते तुम्हाला वेगळ्या दारानं किंवा शेवटच्या वेळेला बोलावतील. तोवर गाडीत किंवा बाहेर मोकळ्यावर थांबा, मास्क लावा. निदानासाठी रक्त आणि घशाचा किंवा नाकाचा नमुना घेतात.

या विषाणूला मारणारं खास औषध नाही. पाणी, पेज असं पातळ भरपूर द्यायचं, तापासाठी पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे द्यायचं, आणि मुलांना ॲस्पिरिन द्यायचं नाही. गोवर झालेल्या मुलांना डॉक्टर जीवनसत्त्व ‘अ’चे दोन डोस देतात, दोन दिवस रोज एक. ते मनानं देऊ नका. जास्त झालं तर विषारी ठरतं, आणि ते लसीची जागा घेत नाही. श्वास भरभर चालू लागला, मूल पाणी घेईना, गुंगीत राहू लागलं किंवा झटका आला, तर रात्र काढू नका. रुग्णालयाला फोनवर कळवून लगेच निघा.

घरी राहण्याचे दिवस असे मोजा. पुरळ ज्या दिवशी दिसलं तो शून्य दिवस, त्यानंतरचे चार दिवस पूर्ण घरात. १९ तारखेला पुरळ उठलं तर २३ पर्यंत घर, आणि प्रकृती ठीक असेल तर २४ ला बाहेर. संपर्कात आलेल्या, पण प्रतिकारशक्तीचा पुरावा नसलेल्या घरच्यांनी मात्र शेवटच्या संपर्कापासून २१ दिवस घरात राहायचं. इम्युनोग्लोब्युलिन घेतलं असेल तर २८ दिवस, कारण त्यानं आजार उशिरा डोकं वर काढू शकतो.